पस्तीस शेळ्या आणि एक हत्ती

गेली सात वर्षं मी एका पत्त्यांच्या खेळाबद्दल इंटरनेटवर लिहितो. रमी किंवा मेंढीकोटाचे पत्ते नव्हेत हे. या खेळाचे पत्ते पाकिटांतून विकत मिळतात. पाकिटात काय निघेल ते नशीब. निघालेले पत्ते जमवायचे, मित्रांशी अदलाबदल करायचे, आणि त्यातून निवडून साठ पत्त्यांचा स्वतःचा डेक बांधून समोरच्याला हरवायचं. पत्त्यांवर जनावरं असतात, राक्षस असतात. जितका राक्षस मोठा तितका तो दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे खेळ बुद्धीचा असला तरी खिशावर भिस्त फार. माझी ख्याती अशी की मी कमी पैशांत जिंकणारे डेक सुचवतो. स्वस्ताईतला तज्ज्ञ, असं लोक म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

तर गेल्या हिवाळ्यात मी ‘तीन हजारांत जिंकणारा डेक’ असा एक लेख टाकला. खाली वाहवा सुरू होती, तेवढ्यात एक प्रतिक्रिया आली: ‘सर, तीन हजाराला तुमी स्वस्त म्हणायलाव व्हय? एकदा आमच्याकडं या. शोभा, हुमनाबाद.’

मला राग आला. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, जाऊनच ये, कुणीतरी तुला हे सांगायला हवंच होतं. माझ्या शिकवणीच्या वर्गांना चार दिवस सुट्टी होती. मला खेळायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं, म्हणून माझे डेक मी घरीच ठेवले. पिशवीत फक्त एक पत्ता घेतला, कडक प्लास्टिकच्या डबीत घातलेला. तो कशासाठी घेतला? खरं सांगतो, मिरवायला.

हुमनाबाद

पुण्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हुमनाबाद आहे, आणि हमरस्त्यानं ते पुरतं व्यापलेलं आहे. एस.टी.तून उतरलो तर समोर लॉऱ्या, लॉऱ्यांच्या मागे ढाबे आणि ढाब्यांच्या मागे पुन्हा लॉऱ्या. शोभा म्हणजे कॉलेजातली, बोटांत फोन नाचवणारी एखादी मुलगी असणार असं मी धरून चाललो होतो. पत्ता विचारत गेलो तो लॉऱ्यांच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवायच्या एका शेडपाशी पोचलो. आत पन्नाशीच्या एक बाई, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात वीतभर दाभण घेऊन ड्रायव्हरची सीट शिवत बसलेल्या. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि जेवलात का विचारलं. सगळे त्यांना शोभाअक्का म्हणतात, तेव्हा मीही म्हणू लागलो.

चहा झाला. अक्कांनी रेक्झिनचा एक तुकडा जमिनीवर पसरला, लोखंडी पेटीतून दोन डेक काढले आणि एक माझ्यापुढे सरकवला. निवड माझी होती. मी अर्थातच मोठी जनावरं असलेला घेतला. इथे वाचकांना एकच नियम सांगतो. प्रत्येक पत्त्याला चारा लागतो. एका डावात, म्हणजे आपली पाळी आली की, चाऱ्याचा एकच पत्ता खाली टाकता येतो. लहान जनावर एका चाऱ्यावर मैदानात येतं, मोठ्याला पाच-सहा लागतात. अक्का चाऱ्याच्या पत्त्यांना कडबा म्हणत. एका चाऱ्यावर येणारी जी लहानसहान जनावरं मुलं पाकीट फोडताच फेकून देतात, त्यांना त्या सरसकट शेळ्या म्हणत, मग चित्रात कोल्हा असो की पाल. समोरच्याचा एक डाव अडवणारा एक पत्ता असतो, त्याचं नाव टोलनाका.

मी चार वेळा हरलो. माझा बैल कडब्याची वाट बघत हातातच राहायचा आणि अक्कांच्या शेळ्या तोवर माझं शेत चरून जायच्या. पाचव्या डावापुढे एकदाही खेळ गेला नाही. सीट होईपर्यंत थांबलेला एक ड्रायव्हर मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, सर, तुमचा बैल उठायच्या आत बाजार उठायलाय. मी हसलो, पण मनातून नाही.

“थोरल्या जनावराला मैदानात यायला सा डाव लागत्यात,” अक्का दाभणात दोरा ओवत म्हणाल्या. “मी पाचात संपवते. मंग थोरलं कामून घ्यायचं?”

सात वर्षं मी हजारो शब्द खर्चून जे सांगत होतो ते बाईंनी दोरा ओवता ओवता सांगून टाकलं. एकाच जातीच्या शेळीचे चार-चार पत्ते ठेवायचे, म्हणजे हवी ती शेळी हटकून हाताला लागते. पाकिटं फोडायची नाहीत. जे लोक टाकून देतात तेच आपण घ्यायचं. आणि ते घेतलं कुठून, तर तेवढ्यात शेडमध्ये शिरलेल्या बाशाभाईंकडे अक्कांनी बोट दाखवलं. बाशाभाई लॉरी चालवतात. हैदराबादला एका दुकानाचा माल उतरवताना त्यांना दिसलं की दुकानदार नको असलेले पत्ते रद्दीत घालतोय. त्यांनी ते पोतंभर उचलले.

“हौ सर, रद्दी के भाव में मिले,” ते मोठ्या समाधानानं म्हणाले. “इत्ते जानवरां कोई ऐसे छोड़ता क्या?”

त्या पोत्यातून चार जणांचा गट उभा राहिला: अक्का, बाशाभाई, अक्कांचा जनवाडा गावचा चुलतभाऊ मल्लूअण्णा आणि मल्लूअण्णाचा शेजारी तुकाराम. चौघांनी पत्ते वाटून घेतले. पण दर वर्षी आळंदला स्पर्धा होते, तिथे जायचं तर एकट्याच्या पत्त्यांतून चांगला डेक होत नाही. म्हणून यांनी इर्जिक घातली. पेरणी अडली की शेजारी आपापले बैल घेऊन येतात आणि एकाचं शेत उरकून देतात, पुढच्या खेपेला दुसऱ्याचं. तशीच ही पत्त्यांची इर्जिक. दर वर्षी एकाचा नंबर. त्याच्या डेकमध्ये बाकीचे तिघे आपले सर्वांत चांगले पत्ते घालतात, आणि स्पर्धा झाली की ज्याचे पत्ते त्याला परत. तीन वर्षांत तिघांचे नंबर झाले होते. बक्षीस म्हणून कधी स्टीलचा डबा मिळायचा, कधी चादर. आता चौथं वर्ष, अक्कांचं. आणि याच वर्षी स्पर्धेला पहिल्यांदा अधिकृत पंच येणार होते, आणि जिंकणाऱ्याला हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. एकच जागा.

मी विचारलं, नंबर बदलून घ्यायचा मोह बाकीच्यांना झाला नाही का. बाशाभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

अक्कांना हैदराबाद का हवं होतं, ते त्यांनी मला संध्याकाळी शेड बंद करताना सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्या रेक्झिन आणायला तिथे गेल्या होत्या. पत्त्यांचं एक दुकान दिसलं, आत टेबलांवर पोरं खेळत होती. या उत्साहानं आत गेल्या. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, मावशी, कोणत्या मुलासाठी हवंय. या म्हणाल्या, मला खेळायचं आहे. तो हसला, त्याच्या मागची दोन पोरं हसली, आणि टेबल मोकळं असून यांना बसू दिलं नाही. एवढंच. पण सांगताना त्यांनी दाराचं कुलूप दोनदा लावलं. हैदराबादची मोठी स्पर्धा त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर व्हायची होती.

मग मी माझी डबी काढली. आतला पत्ता सहा वर्षांपूर्वी घेतलेला, सोनेरी वर्खाचा, अजस्र सोंडेचं एक जनावर. किती दिला ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. एकदाही खेळलो नव्हतो, कारण कडेला चरा पडला तरी किंमत जाते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते हे असं. अक्कांनी पदराला हात पुसले, डबी उजेडात धरली आणि लई गोजिरवाणं हाय म्हणाल्या. मग विचारलं, कडबा किती खातंय. सहा, मी अभिमानानं म्हणालो.

“हत्ती हाय,” त्या म्हणाल्या आणि डबी परत दिली.

जनवाडा

दुसऱ्या दिवशी येळवस होती, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. बिदर-लातूरच्या पट्ट्यात या दिवशी घराला कुलूप लावून सगळी माणसं शेतात जाऊन जेवतात. आपल्याकडे वनभोजन म्हणजे कुणीतरी एकानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी टाळायचं. इथे अख्खा तालुका रानात. गावात चिटपाखरू नाही, आणि ज्वारीत, तुरीत, हरभऱ्यात जिकडेतिकडे रंगीत लुगडी.

मला बजावून सांगितलं होतं की कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं. मी तो नियम फारच मनावर घेतला. मल्लूअण्णाच्या शेतापर्यंत बांधाबांधानं जाताना वाटेत पाच शेतं लागली, पाचही ठिकाणी मला हाक आली आणि पाचही ठिकाणी मी बसलो. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगा, डाळी आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली दाट भाजी. बरोबर ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, धपाटे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. पहिल्या शेतात मी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यात पँटचं बटण सैल केलं. पाचव्यातली आजी आंबिलीचा तिसरा पेला भरताना म्हणाल्या, पुण्याला काय खायलाच मिळंना का बापा. मल्लूअण्णाच्या शेतात पोचलो तेव्हा मला वाकता येत नव्हतं, आणि पूजेच्या वेळी सगळे वाकले तेव्हा मी ताठ उभा होतो. त्याचा अर्थ लोकांनी वेगळाच काढला असावा.

कडब्याची छोटी खोप केली होती, आत पांडव म्हणून मांडलेले, चुना लावलेले पाच दगड, पुढे नैवेद्य. जेवणं आटोपल्यावर त्याच खोपीच्या सावलीत घोंगडी अंथरून डेक बांधायला चौघं बसले. मल्लूअण्णा पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. त्याच्या आजोबांची मेंढरं होती. आता शेती आहे आणि नावाला आठ शेळ्या. त्यानं पत्ते हातात घेतले तशी माझी नजर पत्त्यांच्या कडांवर गेली. प्रत्येक पत्त्याच्या लांब कडेवर रंगाचा पुसट पट्टा होता. कुठे तांबडा, कुठे निळा, पिवळा, हिरवा.

ही त्याची युक्ती. चार कळप एकत्र चरायला सोडले की संध्याकाळी वेगळे कसे करायचे? मेंढराच्या पाठीवर रंग लावायचा. पत्ते एकत्र केले तर तसंच. एकाच जातीची शेळी, चार पत्ते, चार मालक. खूण नसेल तर भांडण होणार. मल्लूअण्णाचा गेरू, तुकारामची निळी शाई, बाशाभाईंचा पिवळा, अक्कांचा हिरवा. मल्लूअण्णाचा मूळ विचार मेंढरासारखा पत्त्याच्या कानाला चिरा द्यायचा होता, पण पत्त्याला कान नसतात म्हणून बेत रंगावर आला.

मला हे इतकं आवडलं की मी जवळून, लांबून, उजेडात धरून फोटो काढले. फोटोखाली काय लिहायचं तेही मनात जुळवलं. स्वस्ताईतल्या तज्ज्ञाला, सात वर्षं नियमांवर लिहिणाऱ्या माणसाला, त्या क्षणी नियमाची आठवण झाली नाही. पोटात पाच शेतांची भज्जी असली की डोकं मागच्या बाकावर बसतं.

डेक झाला. वीस कडबे, चार टोलनाके, पस्तीस शेळ्या. एकोणसाठ भरले. साठावी शेळी कोणती, यावर घोळ चालला होता. तेवढ्यात मला उदारपणाची उबळ आली. मी डबी उघडली, हत्ती घोंगडीवर ठेवला आणि एक छोटं भाषण केलं. कितीही चांगल्या हलक्या डेकला शेवटी एक जड घाव लागतो, असा त्याचा आशय. चौघं हत्तीकडे बघत राहिले. मला वाटलं, भारावले. अक्कांनी मल्लूअण्णाकडे पाहिलं, मल्लूअण्णानं रानाकडे पाहिलं. मग अक्कांनी हत्ती उचलून कपाळाला लावला आणि डेकमध्ये घातला.

मल्लूअण्णानं नेमानं रंगाची वाटी पुढे ओढली. मी झडप घालून त्याचा हात धरला. म्हटलं, याला नको. कडेला काही लागलं तर हा पत्ता मातीमोल होतो. आणि खूण हवीच कशाला? बाकी सगळ्यांवर खूण आहे, म्हणजे बिनखुणेचा तो माझा. मला माझं तर्कशास्त्र फार आवडलं. मल्लूअण्णा म्हणाला, बिनखुणेचं मेंढरू बरं दिसंना, सर. पण पाहुण्याचं मन त्यानं मोडलं नाही.

आळंद

आळंद कलबुर्गी जिल्ह्याच्या टोकाला आहे. इथून अक्कलकोट जवळ, उमरगा जवळ, बाजारात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात. तुरीची आवक सुरू झाली होती. अडत बाजारात पोत्यांच्या थप्प्या, आणि त्याला लागूनच एक मंगल कार्यालय, तिथे येळवशीनंतर एक दिवस सोडून स्पर्धा होती. चोवीस खेळाडू होते. अक्का सोडून एकही चाळिशीचा नव्हता, आणि बाई तर दुसरी नव्हतीच. त्या हिरवं इरकल नेसून आल्या होत्या. तुकारामला घरच्या कामानं येता आलं नव्हतं, त्यानं गाडी सुटताना नारळ दिला होता.

पंच म्हणून कलबुर्गीची एक तरुण मुलगी आली होती, मऊ बोलणारी आणि पक्की. आल्या आल्या तिनं प्रत्येकाकडून डेकमधल्या साठ पत्त्यांची यादी सही करून घेतली. यादी दिली की पत्ता बदलता येत नाही. मग एकेकाचा डेक तपासायला लागली. अक्कांचा डेक तिनं हातात घेतला, टेबलावर उभा ठोकून सारखा केला, आणि थांबली.

साठ पत्ते एकावर एक नीट बसल्यावर कडेनं ते कसे दिसत होते, ते मी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं. तांबडी, हिरवी, पिवळी, निळी रेघ, पुन्हा तांबडी, पुन्हा हिरवी. आणि मधोमध एकच पांढरी. ती माझी.

पंचबाई अक्कांशी कन्नडमध्ये बोलली, मला अर्थ बाशाभाईंनी सांगितला, पण सांगायची गरज नव्हती. उलटा ठेवलेला पत्ता कोणता आहे हे खेळाडूला कळता कामा नये, हा या खेळाचा पहिला धडा. मी त्यावर तीन लेख लिहिले आहेत. अक्का डेककडे बघूनच सांगू शकल्या असत्या की वरचा पत्ता मल्लूअण्णाचा की बाशाभाईंचा; आणि हत्ती तर आंधळ्यालाही सापडला असता. खुणा केलेल्या पत्त्यांनी खेळणं म्हणजे फसवणूक. स्पर्धेतून बाद, आणि नाव वर कळवलं तर हैदराबादचं दारही बंद.

मल्लूअण्णाचा चेहरा उतरला. कुणाचा पत्ता कुणाकडे जाऊ नये म्हणून, भांडण होऊ नये म्हणून केलेल्या खुणा, आणि त्यांनाच लबाडी म्हटलं जात होतं. तो मराठीत, कन्नडमध्ये, पुन्हा मराठीत मेंढरांपासून समजावून सांगू लागला. पंचबाईनं सगळं शांतपणे ऐकलं. तिला पटलंही. पण ती म्हणाली, तुम्ही खरं बोलताय हे मला कळतं, पत्त्याला कळत नाही. अर्धा तास देते. प्रत्येक पत्त्याला वेगळं, अपारदर्शक प्लास्टिकचं पाकीट घाला, नाहीतर काहीही करा, पण साठ पत्ते मला सारखे दिसले पाहिजेत.

माझी अशी साठ पाकिटं पुण्यात कपाटात होती. मी बाजारात धावलो. स्टेशनरीच्या दुकानात लग्नपत्रिकेची पाकिटं दाखवली, मग ओळखपत्राची, ती काचेसारखी पारदर्शक. तिसरा दुकानदार म्हणाला, पत्त्याला पिशवी कशाला पायजे, भिजायलेत का. इतर खेळाडूंकडे उरलेली पाकिटं मागितली, ती सतरा भरली, पाच रंगांत. मी घामाघूम परत आलो तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती, आणि मल्लूअण्णा कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर शांत बसला होता. त्याच्यापुढे एक बरणी होती.

तुरीच्या पोत्यांवर अडत्याचा मार्का मारतात ना, त्याची ती काळी शाई. शेजारच्या अडतीतून मागून आणलेली. मल्लूअण्णा म्हणाला, चार मालकांची मेंढरं एकच मालक विकत घेतो तेव्हा तो जुने रंग धुवत बसत नाही, वरून आपला रंग फासतो. साठही पत्ते एकत्र ठोकून, दोन पट्ट्यांत सुतळीनं आवळून, चारी कडांना काळी शाई लावली की सगळा कळप एक. काळ्याखाली तांबडं राहात नाही, हिरवं राहात नाही.

“पर मंग ध्यानात घ्या,” तो म्हणाला, “कुणाचा कुठला, ते पुन्हा कळायचं न्हाई.”

बाशाभाईंनी क्षणाचाही विचार केला नाही, रंगव म्हणून मान हलवली. तुकारामला फोन लावला, त्यानं मागे बाळ रडत असताना व्हय व्हय म्हटलं. मग तिघंही माझ्याकडे बघू लागले.

हत्ती काढून घ्यावा तर यादीत साठावं नाव त्याचंच होतं, सही झालेली. पांढरा ठेवावा तर डेक बाद. कडांना शाई लागली की सहा वर्षं जपलेला माझा पत्ता लहान मुलानं चघळलेल्या पत्त्याइतक्याच किमतीचा होणार. आता लिहिताना वाटतं, यात विचार करण्यासारखं काय होतं? पण मी विचार केला. चांगली चार मिनिटं केला. बोळा घेऊन फक्त तीनच कडा रंगवता येतील का, असंही विचारलं. मला त्याची लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

अक्का ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

“सर, पत्ता तुमचा हाय,” त्या म्हणाल्या. “तुमी न्हाई म्हनलाव तर मी गुमान घरला जाते, मनात काय ठिवनार न्हाई. पर लवकर सांगा. आशेला बसवू नका.”

मी हातातली रिकामी डबी जमिनीवर ठेवली आणि म्हणालो, लावा. मल्लूअण्णानं पट्ट्या आवळल्या, बोळा बुडवला आणि चार फटक्यांत काम उरकलं. मी बघितलं नाही, अडतीतल्या तुरीकडे बघत उभा राहिलो. गठ्ठा उन्हात एका पोत्यावर वाळत ठेवला, बाशाभाई टोपीनं वारा घालत होते. पंचबाई बाहेर आली, तिनं पत्ते पिसले, उजेडात धरले, कडेवरून नख फिरवलं, डोळे बारीक करून हत्ती शोधायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शेळी निघाली. तिनं डेक अक्कांच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच हसली.

खेळ पाच फेऱ्यांचा झाला. फेरीगणिक वर्णन करत नाही. शेळ्या आल्या, चरल्या, गेल्या. समोरची पोरं सुरुवातीला अक्कांना आजी-आजी करत होती, तिसऱ्या फेरीपासून गप्प बसायला लागली. अंतिम फेरीला सोलापूरचा एक इंजिनिअर होता. त्याच्याकडे माझ्या हत्तीचे दोन सख्खे भाऊ होते, चकचकीत पाकिटांत. त्याच्या चौथ्या डावाला अक्कांनी टोलनाका टाकला, आणि पाचव्या डावात त्याच्या हातात दोन हत्ती असताना तो हरला. मल्लूअण्णा रडला. मीही रडलो, माझ्या रडण्यात थोडं पत्त्यासाठी होतं, पण बरंचसं खरं होतं.

बक्षिसाचं पत्र घडी करून पदराला बांधल्यावर अक्कांनी डेक पुढ्यात घेतला. पाच फेऱ्यांत हत्ती एकदाच हाताला आला होता, तोही त्यांनी धरून नुसता बसवून ठेवला. मी विचारलं, का? सहा कडबे कधी झालेच न्हाईत, म्हणाल्या. मग पत्ते सारखे करत म्हणाल्या, आणि झाले असते तरी उपयोग काय.

“मग परवा डेकमध्ये घेतला कशाला?” मी विचारलं.

अक्का संकोचल्या. मल्लूअण्णा पुन्हा लांब कुठेतरी बघू लागला. शेवटी बाशाभाईंना हसू आवरेना. तेव्हा अक्का म्हणाल्या, “येळवसाला रानात आलेल्या पाव्हण्याला न्हाई कसं म्हणावं, सर? तुमी इतकं भाषण केलाव.”

म्हणजे ज्या पत्त्यासाठी मी ओट्यावर चार मिनिटं हुतात्मा होत होतो, तो चौघांनी केवळ माझं मन राखायला वागवला होता. मी पाच शेतांत आंबील पीत गेलो तसेच तेही माझा हत्ती घेऊन बसले होते. नाकापेक्षा मोती जड, आणि नाक बिचारं सभ्य.

“हैदराबादला यादी नव्यानं द्यायची हाय,” अक्का हळूच म्हणाल्या. “तिथं मी शेळीच घालायले. राग न्हाई ना?”

राग नाही म्हणालो, आणि तो खरंच नव्हता. मी हत्ती घ्यायला हात पुढे केला, तर मल्लूअण्णानं तो गठ्ठ्यातून काढलाच नाही. म्हणाला, काळा रंग लागलेलं आता सगळं इर्जिकीचं. पुढच्या साली पुन्हा त्याचा नंबर, मग बाशाभाई, तुकाराम, अक्का. आणि पाचवा माझा.

मी रिकामी डबी पिशवीत टाकून पुण्याला आलो. बायकोनं विचारलं, पत्ता कुठाय, तर सांगितलं की चरायला सोडलाय. पाचव्या वर्षी मी आळंदला खेळायला जाणार आहे. हत्ती डेकमध्ये घ्यायचा की नाही, ते शोभाअक्का ठरवतील.